घेऊ की थांबू?

दहावी-बारावीचे निकाल लागले की एकदा आणि दिवाळीचा बोनस हातात पडला की दुसऱ्यांदा, असे वर्षातून दोन मोसम हमखास येतात, जेव्हा मध्यमवर्गीय घरात कॉम्प्युटर या विषयावर गोलमेज परिषद भरते. मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप हवा असतो. मुलाचं म्हणणं, जुन्या डेस्कटॉपवर आता काहीच चालत नाही. आईला बँकेची आणि सोसायटीच्या हिशेबाची कामं करायची असतात. बाबा कागद-पेन्सिल घेऊन बजेट मांडत असतात. एकमत होत आलेलं असतं आणि तेवढ्यात घरातला, शेजारचा किंवा ऑफिसमधला एखादा जाणकार म्हणतो, 'आत्ता नका घेऊ हो. दोन महिन्यांत नवा येतोय!'

झालं. परिषद बरखास्त.

पंचाईत अशी की हे वाक्य खोटं नसतं. ते बाराही महिने खरंच असतं. पुढे इंटेल कंपनी स्थापन करणारे गॉर्डन मूर यांनी १९६५ साली लिहिलं होतं की एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल. १९७५ साली त्यांनी हा हिशेब दर दोन वर्षांवर आणला. गेली कित्येक दशकं सगळा कॉम्प्युटर उद्योग या भाकितामागे धावत आला आहे. त्यामुळे ज्या दिवशी तुम्ही पेढे वाटून नवा कॉम्प्युटर घरी आणता, त्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ कुठल्या तरी कारखान्यात तयार होतच असतो. 'नवा येईपर्यंत थांबू' असं व्रत घेतलं, तर त्याचं उद्यापन कधीच होत नाही.

या थांबण्याने गिऱ्हाइकाचं नुकसान होतं तसं कंपन्यांचंही होतं. ॲडम ऑस्बर्न हे नाव आज फारसं कुणाला आठवणार नाही. जन्म बँकॉकचा, बालपण आपल्या तामिळनाडूत गेलेलं. या गृहस्थांनी १९८१ साली 'ऑस्बर्न-१' नावाचा उचलून नेता येणारा कॉम्प्युटर बाजारात आणला. वजन सुमारे अकरा किलो, पडदा जेमतेम पाच इंची आणि किंमत १,७९५ डॉलर. लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. मग १९८३ मध्ये पुढचं, अधिक चांगलं मॉडेल येतंय याचा बोभाटा ते दुकानात पोहोचण्याआधीच झाला. दुकानदारांनी जुन्या मॉडेलच्या ऑर्डरी थांबवल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अभ्यासक सांगतात की यामागे इतरही कारणं होती. प्रतिस्पर्धी तगडे होते, कारभार विस्कळीत होता. पण तेव्हापासून येणाऱ्या मालाच्या गाजावाजाने हातातला माल पडून राहण्याला व्यापारी जगात 'ऑस्बर्न इफेक्ट' असंच नाव पडलं. ऑस्बर्न यांचं २००३ साली कोडाईकनालला निधन झालं. त्यांच्या नावाचा हा परिणाम मात्र आपल्या घराघरांतल्या परिषदांमध्ये अजून जिवंत आहे.

मग येणाऱ्या कॉम्प्युटरच्या बातम्या ऐकायच्याच नाहीत का? जरूर ऐकाव्यात. फक्त ऐकताना धान्य पाखडतात तशा पाखडून घ्याव्यात. या बातम्या तीन जातींच्या असतात. पहिली जात घोषणेची: कंपनीने स्वतः सांगितलेलं मॉडेल, किंमत आणि विक्रीची तारीख. दुसरी जात योजनेची: 'पुढल्या वर्षी आम्ही अमुक करणार आहोत', असं कंपनी गुंतवणूकदारांना सांगते ते. तिसरी जात आवईची: कुणा 'माहीतगार सूत्रां'नी दिलेली खबर. पहिलीवर विश्वास ठेवावा, दुसरी मिठाच्या खड्यासारखी वेगळी काढून पाहावी आणि तिसरीवर घरचे पैसे अडवून ठेवू नयेत. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, अशातला तो प्रकार.

योजनाही किती घसरतात याचं ठळक उदाहरण खुद्द इंटेलचं आहे. चिपवरची नक्षी अधिकाधिक बारीक करण्याच्या शर्यतीत या कंपनीचा 'दहा नॅनोमीटर'चा टप्पा गाठायचा बेत होता. तो लांबला आणि जुलै २०१५ मध्ये कंपनीने सांगितलं की आता २०१७च्या उत्तरार्धात. प्रत्यक्षात २०१८ साली नावापुरत्या थोड्या चिप आल्या आणि भरपूर माल बाजारात यायला २०१९ उजाडलं. म्हणजे २०१५ साली अकरावीत असलेला मुलगा 'ती नवी चिप आली की घेऊ' म्हणून थांबला असता, तर त्याची बारावी होऊन पदवीची बहुतेक वर्षंही सरली असती! आणि ही काही चहाच्या टपरीवरची गप्प नव्हती. जगातल्या सर्वांत बड्या चिप कंपन्यांपैकी एकीचं ते अधिकृत वेळापत्रक होतं.

'थांबा, भाव उतरतील' हा दुसरा लाडका सल्ला. बहुतेक वर्षं तो बरोबरही ठरतो. पण त्याची हमी कुणी देऊ शकत नाही. २०११ साली थायलंडमध्ये महापूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्ड डिस्कचे भाव भडकले. २०२५च्या उत्तरार्धात रॅमची तीच गत झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड डेटा सेंटरांनी मेमरी चिपची मागणी एवढी वाढवली की साध्या कॉम्प्युटरच्या रॅमचे भाव झपाट्याने चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने तर 'क्रूशल' या आपल्या नावाने घरगुती ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. स्वस्ताईची वाट पाहत बसलेल्यांच्या पदरी महागाई पडली.

सरकारी निर्णयांचे अंदाजही असेच. ३ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याचं बंधन जाहीर केलं. आता लॅपटॉप मिळणार नाहीत, अशी हाकाटी झाली. दुसऱ्याच दिवशी त्या निर्णयाची अंमलबजावणी ३१ ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलली गेली आणि नोव्हेंबरपासून ऑनलाइन परवानगीची पद्धत सुरू झाली. घाबरून हातात आला तो लॅपटॉप ज्यांनी उचलला, त्यांची घाई फुकट गेली. उलट २०२५ च्या ऑगस्टमध्ये जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली, तेव्हा अनेकांनी लॅपटॉपची खरेदी लांबवली. सप्टेंबरमध्ये नवे दर आले, पुष्कळ वस्तू स्वस्त झाल्या, पण लॅपटॉपवरचा अठरा टक्के कर जिथल्या तिथे राहिला. एकदा घाईने दगा दिला, एकदा थांबण्याने. कारण दोन्ही वेळा निर्णय आपल्या गरजेवर नव्हे, दुसऱ्याच्या अंदाजावर घेतलेला होता.

आता थोडं आवईच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण कधी कधी आवई खरी ठरते. ॲपल कंपनी आपल्या मॅक कॉम्प्युटरमधून इंटेलची चिप काढून २०२० पासून स्वतःची चिप घालणार, अशी बातमी ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने एप्रिल २०१८ मध्ये दिली होती. २२ जून २०२० रोजी कंपनीने तशी घोषणा केली आणि नोव्हेंबरमध्ये एम-१ चिपचे पहिले मॅक आले. बातमी शंभर नंबरी खरी निघाली. पण तिच्यावर विसंबून थांबणाऱ्याला अडीच वर्षं बिनकॉम्प्युटरची काढावी लागली असती. याउलट जून २०२० मध्ये जाहीर घोषणा झाल्यावर जो पाच महिने थांबला, तो खरा शहाणा ठरला. मार्च २०२० मध्ये आलेल्या इंटेल चिपच्या मॅकबुक एअरला २०२५ सालची 'टाहो' ही प्रणाली मिळाली नाही. आठच महिन्यांनी आलेल्या एम-१च्या एअरला ती मिळाली. आवई ऐकून थांबणं आणि घोषणा ऐकून थांबणं, यातला फरक एवढा आहे.

पण या उदाहरणात त्याहून मोठी गोष्ट दडलेली आहे. आठ महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन यंत्रांचं नशीब वेगळं झालं, ते नव्याच्या येण्याने नव्हे, तर जुन्याचा आधार काढून घेतल्याने. आपण सगळे येणाऱ्याच्या तारखेकडे डोळे लावून बसतो. पाहायला हवी ती जाणाऱ्याची तारीख! येणाऱ्याची तारीख बहुधा अंदाजाची असते. जाणाऱ्याची पुष्कळदा लेखी, जाहीर आणि पक्की असते.

विंडोज-१०चंच बघा. ही प्रणाली जुलै २०१५ मध्ये आली तेव्हाच मायक्रोसॉफ्टने सांगून ठेवलं होतं की १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा आधार संपेल. दहा वर्षं आधी दिलेली नोटीस! तरीही ती तारीख उजाडली तेव्हा असंख्य घरांत आणि दुकानांत 'हे अचानक काय झालं?' असा सूर उमटला. आधार संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही. तो चालतोच. फक्त त्यात नव्याने सापडणारी चोरवाट बुजवायला कुणी येत नाही. दाराचं कुलूप तेच, पण चोरांना किल्ली मिळाली तरी कुलूप बदलून मिळणार नाही, असा हा प्रकार. ज्या कॉम्प्युटरवर घरचे बँक व्यवहार चालतात, त्याच्यासाठी ही गोष्ट क्षुल्लक नाही. घरगुती वापरासाठी कंपनीने सुरक्षा दुरुस्त्यांची एक वर्षाची मुदतवाढ ठेवली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच.

मग विंडोज-११ टाकावं म्हटलं, तर ते सगळ्या जुन्या यंत्रांवर बसत नाही. त्याला 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलची चिप असेल तर ती साधारणपणे आठव्या पिढीची किंवा त्यानंतरची, म्हणजे २०१७च्या उत्तरार्धानंतरची असावी लागते. तुमचं यंत्र या परीक्षेत बसतं की नाही हे मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा मोफत प्रोग्रॅम सांगतो. पुष्कळदा टीपीएम कॉम्प्युटरमध्ये असतं, पण सेटिंगमध्ये बंद करून ठेवलेलं असतं. ते चालू केलं की काम होतं. म्हणून 'हा आता भंगारात' असं दुकानदाराने सांगितलं, तरी ही तपासणी आधी करावी. यंत्र खरंच नापास झालं, तर उबुंटूसारखी फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली टाकून ते आणखी काही वर्षं पत्रव्यवहार, इंटरनेट आणि मुलांच्या अभ्यासासाठी वापरता येतं.

हीच नजर नवा घेतानाही ठेवावी. 'याच्यात काय नवीन आहे?' हा प्रश्न दुकानदाराला आवडतो, कारण त्याचं उत्तर त्याला पाठ असतं. तुम्ही विचारा, 'याला अपडेट किती वर्षं मिळणार?' क्रोमबुकच्या प्रत्येक मॉडेलची अपडेट बंद होण्याची तारीख गूगल जाहीर करतं. ॲपलने जून २०२५ मध्येच सांगून टाकलं की टाहो ही इंटेलच्या मॅकसाठी शेवटची प्रणाली. म्हणजे सेकंडहँड बाजारात कुणी इंटेलचा मॅक फार स्वस्तात देऊ केला, तर तो स्वस्त का आहे हे तुम्हाला कळलं.

आता सर्वांत व्यवहाराचा मुद्दा. घरातला कॉम्प्युटर 'स्लो झालाय' म्हणजे नेमकं काय झालंय? ताप आला म्हणून कुणी माणूस बदलत नाही, आधी थर्मामीटर लावतात. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की 'टास्क मॅनेजर' उघडतो. नेहमीची कामं चालू ठेवून त्यातले आकडे पाहावेत. मेमरी सतत नव्वद टक्क्यांच्या घरात असेल, तर रॅम कमी पडते आहे. डिस्क सारखी शंभर टक्क्यांवर असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर दुखणं बहुधा तिथे आहे. अशी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण शंभर ते दीडशे एमबी वाचते, तर साधी सॅटा एसएसडी पाचशेच्या आसपास. विखुरलेल्या लहान लहान फायली शोधण्यात तर फरक याहून कितीतरी मोठा पडतो. या एका बदलाने म्हाताऱ्या यंत्राला कशी तरतरी येते, हे ज्यांनी केलं आहे त्यांना विचारावं.

मात्र सुटे भाग घेताना डोळे उघडे ठेवावेत. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन जातींच्या रॅमच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. डेस्कटॉपमध्ये भाग बदलणं सोपं असतं. आजकालच्या पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये मात्र रॅम मूळ बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवताच येत नाही. तिथे 'आत्ता आठ जीबी घेऊ, पुढे बघू' या म्हणण्याला अर्थ नाही. जे घ्यायचं ते पहिल्याच दिवशी. ॲपलने ३० ऑक्टोबर २०२४ रोजी मॅकबुक एअरची किमान रॅम त्याच किमतीत आठवरून सोळा जीबी केली, यावरून काळाचा रोख ओळखावा. घरात लॅपटॉप पाच-सात वर्षं वापरायचा असेल, तर चिप एक पायरी खालची चालेल, पण रॅम सोळा जीबी असावी.

सध्याचा सर्वांत मोठा गाजावाजा आहे 'एआय'च्या कॉम्प्युटरचा. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये 'कोपायलट प्लस पीसी' नावाचा वर्ग जाहीर केला. त्याला किमान सोळा जीबी रॅम आणि एआयच्या आकडेमोडीसाठी वेगळा विभाग हवा, ज्याची ताकद सेकंदाला चाळीस लाख कोटी क्रियांची. ऐकून छाती दडपते. पण त्याच वेळी गाजवलेलं 'रिकॉल' हे वैशिष्ट्य, म्हणजे तुमच्या पडद्याची ठरावीक वेळाने छायाचित्रं टिपून ठेवण्याची सोय, खासगीपणाच्या प्रश्नावर एवढी टीका झाली की मागे घ्यावी लागली आणि ती सर्वांपर्यंत पोहोचायला एप्रिल २०२५ उजाडला. आणि आपली मुलं एआयला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं बहुतेक वेळा दूरच्या सर्व्हरवर तयार होऊन येतात. त्याला साधा ब्राउझर पुरतो. नव्या यंत्रात ही सोय आपसूक आली तर येऊ द्या. तिच्यासाठी चालता कॉम्प्युटर मोडीत काढू नका.

शिवाय नव्याचे नऊ दिवस असतात, तशी नव्याची काही दुखणीही असतात. १९९४ साली पेंटियम चिपमधली भागाकाराची चूक उघडकीला आली आणि चिप बदलून देण्यापायी इंटेलला साडेसत्तेचाळीस कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरावा लागला. ॲपलने २०१५ पासून आणलेल्या पातळ 'बटरफ्लाय' कीबोर्डच्या तक्रारी एवढ्या झाल्या की २०१८ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि २०१९च्या अखेरीपासून कंपनी जुन्या धाटणीच्या कळांकडे परतली. पहिल्या दिवशी रांग लावणाऱ्यांनी दुसऱ्यांसाठी परीक्षा दिली, असं म्हणायचं!

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी 'नवा येतोय' हे वाक्य कानावर पडलं की कागदावर तीन ओळी लिहा. माझं कोणतं काम आज अडलं आहे? माझ्या यंत्राचा आधार कोणत्या तारखेला संपतो? आणि जो नवा येतोय म्हणतात, त्याची किंमत आणि तारीख कंपनीने स्वतः सांगितली आहे का? काम अडलेलं नसेल आणि आधार शाबूत असेल, तर खुशाल थांबा. ते थांबणं नव्हे, ती बचत आहे. काम अडलं असेल आणि तिसऱ्या ओळीचं उत्तर 'नाही' असेल, तर आजच्या बाजारात जे आहे त्यातलं चांगलं निवडून घ्या. आणि तारीख जाहीर झालेली असून ती महिना-दोन महिन्यांवर असेल, तर तेवढी कळ काढा. नवा नाही घेतला, तरी जुना त्या सुमारास बऱ्याचदा उतरत्या भावात मिळतो.

एकदा घेतला, की मग सहा महिने कॉम्प्युटरच्या जाहिराती वाचू नका. सोनं घेतल्यावर भाव बघू नये म्हणतात, तसंच आहे हे. सोन्याचा भाव निदान कधी तरी चढतो!